चतुराच्या पिल्लाचं आतडं बघायचंय? डबक्यापासून भिंगापर्यंत सगळं

अकरावीला बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाने झुरळाची पचनसंस्था एकदा तरी काढलेली असते. क्रॉप (अन्न साठवायची पिशवी), गिझर्ड (अन्न दळायचा दातांचा कप्पा), आठ हिपॅटिक सीका (बोटांसारख्या पिशव्या), पिवळ्या दोऱ्यांचा झुपका, आणि परीक्षा झाली की सगळं विसरायचं. पण झुरळ मिळेल ते खातं. फक्त शिकारीवर जगणाऱ्या किड्याचं आतडं कसं असतं हे बघायचं असेल तर चतुराच्या पिल्लासारखं दुसरं काही नाही असं माझं मत आहे, कारण एक तर ते पावसाळ्यात फुकट मिळतं, दुसरं म्हणजे त्याला न मारता निम्म्याहून जास्त गोष्टी बघता येतात, आणि तिसरं म्हणजे त्याच्या आतड्याचं शेवटचं टोक जे काय काय करतं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अख्खी संध्याकाळ त्या वाडग्यासमोरून उठले नव्हते.

चतुर म्हणजे ते चार पंखांचं, पोरं हेलिकॉप्टर म्हणतात ते. मादी पाण्यात अंडी घालते आणि पिल्लू पाण्यातच वाढतं. त्याला अळी म्हणू नका कारण त्याला कोषाची अवस्थाच नसते, ते कात टाकत टाकत मोठं होतं आणि शेवटची कात टाकली की थेट पंख. पुस्तकात निंफ म्हणतात, मी इथे पिल्लूच म्हणणारे.

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारं पिल्लू म्हणजे पॅन्टाला फ्लाव्हेसेन्स या जातीचं. पावसाळा संपता संपता मैदानावर, माळावर जे पिवळसर चतुर थव्याने फिरताना दिसतात ते हेच. हे भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत हे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मधे मांडलं, आणि एवढ्या लांब जाणाऱ्या किड्याचं बालपण मात्र पावसाने भरलेल्या साध्या डबक्यात जातं. डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं असतं म्हणून पिल्लू भराभर वाढतं, दीड-दोन महिन्यांत काम संपतं, आणि भराभर वाढायचं तर खायलाही तसंच लागतं. म्हणून तर त्याचं आतडं बघायला मजा येते.

पहिली पायरी: पिल्लू मिळवायचं

ऑगस्ट-सप्टेंबरमधे भातखाचर, कातळावरची डबकी, शेततळ्याचा कडेचा उथळ भाग, कुठेही बघा. मोठी पिठाची चाळणी घ्यायची, तळाच्या गाळातून आणि गवताच्या मुळांजवळून हलकेच ओढायची आणि पांढऱ्या ट्रेमधे किंवा डब्याच्या झाकणात उलटी करायची. सुरुवातीला नुसता चिखल दिसेल, मिनिटभर थांबा, मग त्यातलाच एक तुकडा चालायला लागतो. अभयारण्य किंवा राखीव जागेतून काही उचलायचं नाही, हे सांगायला लागू नये पण सांगते. आणि दोन-तीन पुरेत, बादली भरून आणू नका.

आता त्यात दोन प्रकारची पिल्लं येतील. बारीक, सडपातळ, आणि शेपटीला तीन पानांसारखे कल्ले लटकलेले असतील तर ती टाचणीची, म्हणजे चतुराच्या सडपातळ नातेवाईकाची, डॅमसेलफ्लायची. ती परत सोडा, टाचणी या लेखाचा विषय नाही. आपल्याला हवं ते जाडसर, पोट रुंद, आणि शेपटीला कल्ले नाहीत, फक्त छोटे टोकदार काटे एकत्र येऊन पिरॅमिडसारखं टोक झालेलं. मग याचे कल्ले कुठे गेले हा प्रश्न डोक्यात राहू द्या, चौथ्या पायरीला लागणारे.

दुसरी पायरी: घरी ठेवायचं

काचेचा वाडगा, त्याच डबक्यातलं पाणी, तळाला थोडी वाळू, आणि पाण्याबाहेर डोकावणारी एक काडी. नळाचं पाणी घालायचं झालं तर आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं. एका वाडग्यात एकच पिल्लू ठेवायचं, इथे चूक करू नका. मी पहिल्या वर्षी दोन एकत्र ठेवली होती, सारखीच दिसत होती म्हणून, सकाळी उठून बघितलं तर एकच होतं आणि दुसऱ्याचे पाय तळाशी पडलेले, मला फार वाईट वाटलं होतं.

खायला डासाच्या अळ्या. त्या साठलेल्या पाण्यात मिळतातच, पण मोजून घाला, दिवसाला चार-पाच, आणि वाडग्यावर मच्छरदाणीचा तुकडा रबर लावून ठेवा म्हणजे एखादी अळी उरली आणि तिचा डास झाला तरी तो घरात सुटणार नाही. डेंग्यूच्या दिवसांत हे मनावर घ्याच.

तिसरी पायरी: तोंडाकडून सुरुवात

आणल्याबरोबर खायला घालू नका, एक दिवस उपाशी राहू द्या, मग एक अळी सोडा आणि बाजूने बघा, वरून नाही. पिल्लू हलत नाही, नुसती मान थोडी वळते, डोळे अळीवर, आणि मग अळी पाण्यात होती ती एकदम तोंडात असते. मधलं काही दिसलंच नाही असं वाटेल आणि ते बरोबर आहे, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत हे होऊन जातं. मोबाईलवर स्लो मोशन लावून परत करा, तेव्हा दिसेल की डोक्याखाली घडी करून ठेवलेला एक हात पुढे गेला, टोकाच्या दोन झडपांनी अळी पकडली आणि हात परत घडी झाला. हा खरं तर त्याचा खालचा ओठ, लेबियम. पॅन्टालाच्या कुळात तो चमच्यासारखा खोलगट असतो आणि मिटल्यावर चेहऱ्याचा खालचा भाग झाकून टाकतो, म्हणून त्याला मास्क म्हणतात.

ओठ फक्त पकडतो. चावायचं काम आतल्या दात असलेल्या जबड्यांचं, मॅन्डिबल्सचं. भिंग धरलंत तर अळी हळूहळू आत जाताना आणि जबडे आडवे हलताना दिसतात. आपले वरखाली हलतात, किड्यांचे बाजूने. तुकडे मोठेच राहतात, बारीक चर्वण इथे होत नाही, ते पुढे गिझर्डमधे. हे लक्षात ठेवा.

चौथी पायरी: शेपटीकडे या

मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच बघा, बाकीचं नंतर केलं तरी चालेल.

थोडी बारीक माती पाण्यात कालवा, वरचं गढूळ पाणी ड्रॉपरमधे घ्या आणि पिल्लू शांत बसलेलं असताना त्याच्या शेपटीच्या टोकामागे अगदी हळू एक थेंब सोडा. शाई, पोटॅशियम परमँगनेट वगैरे वापरू नका, पिल्लाला त्रास होतो, माती त्याच्या रोजच्या ओळखीची आहे. थेंब सोडला की गढूळपणा शेपटीकडे ओढला जातो, मग बाहेर ढकलला जातो, परत आत, परत बाहेर. पोट वरून खाली किंचित दबताना आणि फुगतानाही दिसेल. पिल्लू श्वास घेतंय, आणि गुदद्वारातून घेतंय.

याचे कल्ले आतड्याच्या आत आहेत, रेक्टममधे, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात. रेक्टमचा पुढचा भाग फुगून एक टोपलीसारखा कप्पा झालेला असतो आणि त्याच्या आतल्या भिंतीवर नाजूक घड्यांच्या सहा दुहेरी रांगा असतात, प्रत्येक घडीत हवेच्या अतिशय बारीक नळ्या. पाणी आत घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन या नळ्यांत जाऊ द्यायचा, पाणी सोडून द्यायचं. या कप्प्याला ब्रँकियल चेंबर म्हणतात.

आता पेन्सिलीचं टोक पिल्लाच्या पायाला हलकेच लावा. पाय अंगाला चिकटवून ते एकदम पुढे सटकेल, पोहल्यासारखं नाही, फेकल्यासारखं. पोट जोरात आवळून तेच पाणी मागे पिचकारीसारखं सोडलं की अंग पुढे जातं. म्हणजे आतड्याचा एकच कप्पा, श्वासाचा पण तोच, पळायचा पण तोच, आणि विष्ठा पण तिथूनच जाणार.

वाळवीचं बघा, तिचंही मागचं आतडं खूप मोठं असतं पण ते लाकूड पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना राहायला. चतुराच्या पिल्लाला लाकूड पचवायचं नाही, मांस पचायला सोपं, त्यामुळे पचनासाठी लांबलचक वेटोळी लागतच नाहीत, नळी जवळजवळ सरळ राहते आणि मागची मोठी जागा श्वासाला मिळते. किड्याचं आतडं बघताना तो काय खातो एवढंच विचारून भागत नाही, तो राहतो कुठे हेही विचारावं लागतं, हे मला या पिल्लाकडून कळलं.

पाचवी पायरी: विष्ठेची गोळी उघडा

किळस करू नका, सगळ्यात जास्त माहिती इथेच आहे. वाडग्याच्या तळाला छोट्या लांबट गडद गोळ्या दिसतील. ड्रॉपरने एक उचला, स्लाइडवर किंवा काचेच्या तुकड्यावर पाण्याच्या थेंबात ठेवा. १० पट भिंग चालेल, फोल्डस्कोप असेल तर फारच छान, मनू प्रकाश यांनी काढलेला तो कागदी मायक्रोस्कोप बऱ्याच शाळांत असतो, विज्ञानाच्या सरांना विचारा.

गोळी फोडायच्या आधी नीट बघा, तिच्याभोवती एक पारदर्शक पातळ पिशवी असेल, गोळीचा कागदच जणू. ही पेरिट्रॉफिक मेंब्रेन. मधल्या आतड्यात अन्न आलं की तिथल्या पेशी त्याच्याभोवती कायटिन (किड्यांच्या कवचात असतं तेच) असलेली ही पिशवी गुंडाळतात. पाचक रस पिशवीतून आत जातात, पचलेलं पिशवीतून बाहेर येतं, आणि अळीचे काटेकुटे, डोक्याची टणक कवटी वगैरे आतड्याच्या नाजूक भिंतीला लागत नाही. बहुतेक किड्यांत ही पिशवी असते पण या पिल्लाला तिचा आणखी एक फायदा आहे, विष्ठा कल्ल्यांच्या कप्प्यातून जाते तेव्हा ती पिशवीत बंद असते, त्यामुळे कल्ले घाण होत नाहीत. चौथ्या पायरीला हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच, हे त्याचं उत्तर.

आता दोन सुया घेऊन पिशवी फाडा. डासाच्या अळीच्या डोक्याचे तपकिरी तुकडे, केस, कधी दुसऱ्याच कुठल्या किड्याचा पाय. कायटिन पचलेलं नसतं म्हणून शिकार ओळखता येते. रोजच्या गोळ्या वहीत तारखेनुसार नोंदवत गेलात तर तुमचं पिल्लू आठवडाभर काय जेवलं याचा पूर्ण हिशोब तुमच्याकडे.

सहावी पायरी: मेलेलं पिल्लू उघडायचं असेल तर

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१४ मधे कॉलेजात प्राणी कापायची प्रॅक्टिकल्स बंद करायला सांगितली आणि मला ते पटतं, त्यामुळे घरी बसून मुद्दाम मारून कापू नका. पण डबकं आटताना कितीतरी पिल्लं मरतात, पाळलेलंही कधी आपोआप मरतं, तेव्हा ते वाया घालवू नका. फक्त वेळेत करा. मेल्यावर आतडं सगळ्यात आधी सडतं कारण पाचक रस आतच असतात. लगेच उघडणार असाल तर उत्तम, नाहीतर पोटाच्या कडेला सुईने बारीक टोचून ७० टक्के स्पिरिटमधे ठेवा. ताज्या पिल्लात हवेच्या नळ्या चांदीसारख्या चमकतात, स्पिरिटमधे ठेवलेल्यात ती चमक जाते, एवढा फरक.

सामान घरचंच आहे. साबणाच्या डबीत मेणबत्तीचं मेण वितळवून ओता आणि त्यात दिव्याची काजळी मिसळा, काळ्या मेणावर पांढरट आतडं उठून दिसतं. टाचण्या, भुवया कोरायचा चिमटा, नवीन ब्लेड, बारीक टोकाची कात्री, भिंग, टेबल लॅम्प. आणि सलाईन, म्हणजे पाव लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम मीठ, छोट्या चमच्याचा तिसरा हिस्सा.

पिल्लू पोट खाली, पाठ वर असं मेणावर ठेवा. एक टाचणी डोक्याच्या कडेतून, दोन शेवटच्या खंडाच्या दोन कडांना. शेपटीच्या मधोमध टाचणी खुपसू नका, तिथेच रेक्टम आहे, नवीन माणूस हमखास तिथेच टोचतो. मग सलाईन एवढं ओता की पिल्लू पूर्ण बुडेल. कोरड्यावर कापलं तर सगळं एकमेकांना चिकटून लगदा होतो, पाण्यात अवयव तरंगतात आणि सुटे होतात. डिसेक्शनमधली ही एक गोष्ट जमली की बाकी हाताला सवय होते.

पोटाच्या दोन्ही कडांनी, आठव्या खंडापासून पुढे छातीकडे, कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवून कापत जा. टोक खाली गेलं की आतडं कापलं जातं. दोन्ही कडा सुटल्या की पाठीचं झाकण चिमट्याने मागून पुढे हळूहळू सोलत उचला. पहिल्यांदा दिसतील त्या लांबीभर गेलेल्या दोन जाड चंदेरी हवेच्या नळ्या आणि पांढरट-पिवळट चरबीचे गोळे. चरबी ड्रॉपरच्या पाण्याने उडवा, सुईने खरवडू नका. छातीत स्नायू घट्ट असतात, तिथे घाई करायची नाही, एकेक धागा बाजूला करायचा.

मग नळी दिसते. अख्खं पिल्लू अडीच सेंटीमीटरचं, त्यात ही तोंडापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ. पुढून मागे बघत या.

घशामागे नळी रुंद होत क्रॉप होते, इथे गिळलेलं साठतं. भरपेट पिल्लू असेल तर इथे अळीचे ओळखू येणारे तुकडे सापडतील. क्रॉपच्या शेवटी छोटी टणक गाठ लागते, चिमट्याला कडक लागते म्हणून चुकत नाही, ते गिझर्ड. ते वेगळं काढून उभं चिरा, उलगडून पसरवा आणि भिंगाखाली धरा. आतल्या घड्यांवर टणक तपकिरी दात. चतुरांच्या पिल्लांत या घड्या जातीनुसार चार ते आठ असतात, आणि पॅन्टालाच्या कुळात चार. झुरळाच्या गिझर्डमधे सहा दात होते, आठवतंय ना? तोंडाने मोठे तुकडे केले होते, ते इथे दळले जातात.

गिझर्डच्या मागे मधलं आतडं. आता झुरळाची आकृती आठवून इथे ते आठ बोटांसारखे सीका शोधायला जाल तर मिळणार नाहीत. चतुराच्या पिल्लाला सीका नसतात, नुसती गुळगुळीत साधी नळी, पाचक रस तिच्याच भिंतीतून येतात आणि शोषणही तिथेच. सापडत नाहीत म्हणून आपलं कापायला चुकलं असं समजून बरेच जण नाराज होतात, तुमचं काही चुकलेलं नाही.

मधलं आतडं संपतं तिथे बारीक दोऱ्यांचा झुपका, मालपिजियन नलिका, म्हणजे किड्याच्या किडन्या. चतुरांत त्या साधारण ५० ते ७० असतात आणि सुट्या सुट्या न उघडता पाच-सहा मिळून एका समाईक नळीने आतड्यात उघडतात. मोजायचा हट्ट पहिल्या वेळी धरू नका, तुटतात. या झुपक्यालाच खूण माना, याच्या मागे जे काही आहे ते मागचं आतडं.

मागच्या आतड्याचा पहिला भाग अरुंद, आणि मग अचानक तो फुगीर कप्पा, पोटाचा मागचा बराचसा भाग व्यापून बसलेला. बाहेरून बघितलं तरी त्याच्यावर दोन्ही बाजूंनी हवेच्या नळ्या येऊन फाटे फुटत फुटत शिरताना दिसतात, एखाद्या गावाला सगळे रस्ते येऊन मिळावेत तशा. आता नवीन ब्लेडने त्याला वरून एक उभी चीर द्या, कडा टाचण्यांनी पसरवा, वर सलाईनचा एक थेंब सोडा आणि लॅम्प बाजूने धरा. सहा दुहेरी रांगा उठून उभ्या राहतात, परकराच्या झालरीसारख्या एकावर एक चुण्या, इतक्या पातळ की थेंबाच्या हलण्याने हलतात, आणि ताजं पिल्लू असेल तर प्रत्येक चुणीत चांदीच्या तारांचं जाळं. इथे चिमटा लावू नका. नुसतं बघा, मोबाईल भिंगाला टेकवून फोटो काढा, मग पेन्सिलने आकृती काढा. फोटो असला तरी आकृती काढाच, हाताने काढताना जे दिसतं ते फोटोत पाहून सुटतं.

सातवी पायरी: कात टाकली की

जिवंत पिल्लाकडे परत येऊ. मोठं झालेलं पिल्लू शेवटचे काही दिवस खाणं सोडतं, पंखांच्या पिशव्या फुगलेल्या दिसतात, आणि मग एका रात्री ते काडीवर चढून पाण्याबाहेर येतं. मच्छरदाणी त्या दिवसांत उंच बांधा, पंख उघडायला जागा लागते. पाठ उकलते, चतुर बाहेर येतो, पंख ताणले जातात, आणि थोड्या वेळाने त्याच्या शेपटीच्या टोकाकडून पाण्याचे स्वच्छ थेंब टपकताना दिसतात. पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा, हे बघण्यासारखं आहे. पंख वाळले की खिडकी उघडून सोडून द्या, हात लावायचा नाही.

काडीला चिकटलेली कात मात्र तुमची. तिच्या पाठीच्या फटीतून पांढरे धागे लोंबत असतील, ते हवेच्या नळ्यांचं आतलं अस्तर. किड्यांत फक्त बाहेरची कातडी बदलत नाही, पुढच्या आणि मागच्या आतड्याचं अस्तर पण तेवढंच कातडीचं असतं, ते पण कातीबरोबर निघून येतं, मधल्या आतड्याला तसं अस्तर नसतं म्हणून त्याचं काही मिळत नाही. कात कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घालून रात्रभर भिजवा, मऊ झाली की तोंडाच्या बाजूने आत बघा, घशाच्या जागेवरून मागे गेलेली सुरकुतलेली पातळ नळी असते. ती तुटू न देता चिमट्याने ओढा, ग्लिसरीनच्या थेंबात पसरवा. सुरकुत्या उलगडल्या की तिच्या टोकाला गिझर्डचे ते तपकिरी दात दिसतील, आणि ज्याचे होते तो चतुर तोपर्यंत माळावर उडत असेल.